ग्लॅडिएटरचे ऑक्स स्विच: जोडणी, झालेली चूक आणि पुन्हा केलेलं वायरिंग

गिरीपथिक, डेन्व्हर

नमस्कार मंडळी,

मागच्या कॅम्पिंगच्या धाग्यानंतर दोघांनी निरोप पाठवून एकच विचारलं. जीप ग्लॅडिएटर या पिकअपमध्ये कंपनीकडून जे ऑक्स स्विच (बाहेरून लावलेल्या उपकरणांसाठीची जादा बटणं) येतात, त्यांना लाइट, टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, फ्रिज कसे जोडायचे? निरोपात तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, म्हणजे जाणकारांना दुरुस्त्याही करता येतील. माझ्या हातून यात एक मोठी चूक झाली. आधी तीच सांगतो, कारण त्या रात्री गाडी पेटू शकली असती, आणि आम्ही चौघं जवळच्या गावापासून काही तासांवर होतो.

गाडी ३.६ लिटर पेट्रोल. घेतानाच ऑक्स स्विचचं पॅकेज घेतलं होतं. त्यात चार बटणं, २४० अ‍ॅम्पिअरचा अल्टरनेटर आणि ७०० अ‍ॅम्पची बॅटरी मिळते. बटणं डॅशबोर्डच्या मधल्या पट्टीत, खालच्या ओळीत. पहिल्या दोन बटणांना प्रत्येकी ४० अ‍ॅम्पिअरचा फ्यूज, तिसऱ्या-चौथ्याला १५-१५ चा. बॉनेट उघडलं की पॅसेंजरच्या बाजूला बॅटरीजवळ टेपने गुंडाळलेला तारांचा जुडगा दिसतो. टोकं कापून बंद केलेली. मूळ रंग प्रत्येक तारेचा वेगळा, पण ऑक्सच्या चारही तारांवर गुलाबी रेघ आहे. कुठली तार कुठल्या बटणाची ते मॅन्युअलमध्ये आहे, तरी मी बटण दाबून, टेस्ट लॅम्प लावून एकेक पडताळली आणि प्रत्येकीवर कागदी टेपने नंबर चिकटवला. एवढं काम मी नीट केलं होतं.

चूक पुढे झाली. मागे लावायला ३६ वॅटचे दोन वर्क लॅम्प आणले. सोबत तयार किट होतं, त्यात १६ गेजची तार (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक). मी विचार केला, दोन नंबरच्या बटणाला ४० चा फ्यूज आहेच, आणखी वेगळा फ्यूज कशाला? निळ्या प्लॅस्टिकचा तो चावा घेणारा टॅप असतो ना, तार न कापता दाबून बसवायचा, तो लावला आणि तार चासीच्या कडेने केबल टायने बांधत मागे नेली. रिटर्नची तार, म्हणजे मायनसची, पिकअपच्या हौद्यातच एका स्क्रूला.

ऑक्टोबरात युटामधल्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या व्हाइट रिम रोडवर गेलो. सुमारे १०० मैलांचा कच्चा रस्ता, वाटेत पाणी नाही, पेट्रोल नाही, परवाना काढूनच जावं लागतं. मर्फी हॉगबॅकचा चढ चढून संध्याकाळी तंबू लावायला थांबलो आणि मागचे लॅम्प लावले. एक मंद पेटला, दुसरा लुकलुकायला लागला. मिनिटभरात जळक्या प्लॅस्टिकचा वास. मी बटण बंद केलं, बायकोने टॉर्च धरला, बॉनेट उघडलं. निळा टॅप तपकिरी होऊन एका बाजूने वितळला होता. त्याच्या पुढे वीतभर तारेचं आवरण फुगून आलं होतं, उन्हात तापलेल्या डांबरासारखे बुडबुडे. सकाळी गाडीखाली झोपून पाहिलं तर एक केबल टाय तुटलेला, आणि तार चासीच्या कडेवर घासून तांबं उघडं पडलेलं.

आणि ४० चा फ्यूज? शाबूत. उडालाच नव्हता.

पुढचं वायरिंग मी सगळं काढून नव्याने केलं, ते लिहितोच. पण आधी इथल्या जाणकारांकडून समजून घ्यायचंय, की फ्यूज का उडाला नाही.

निळाईत, ऑस्टिन

वाचून काटा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

माझी ग्लॅडिएटर दोन महिन्यांपूर्वीच आलीय, अजून कशालाच हात लावलेला नाही. मी पण हेच धरून चाललो होतो, की कंपनीचा फ्यूज आहे म्हणजे काळजी मिटली. उलट माझा बेत असा होता की एक नंबरला ४० अ‍ॅम्पिअर मिळतात तर त्या एकाच तारेवर लाइट बार, मागचे दिवे आणि हॉर्न असं सगळं जोडावं. बेरीज ४० च्या आत येतेय. हे चालेल का?

आणि फ्रिज कुठल्या बटणाला लावावा?

तारायंत्री, डेट्रॉइटजवळ

गिरीपथिक, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी गाड्यांच्या वायरिंगमध्येच काम करते, म्हणून थोडं मोकळेपणाने लिहिते.

फ्यूज उपकरणाला वाचवायला नसतो. तो त्याच्यापुढच्या तारेला वाचवायला असतो. कंपनीने ४० चा फ्यूज टाकला तेव्हा त्यांच्या हिशोबात त्यांची स्वतःची जाड तार होती, जी त्या कापलेल्या टोकापर्यंत येते. तिथून पुढे तुम्ही कुठली तार जोडणार हे त्यांना माहीत नाही. म्हणजे कंपनीची जबाबदारी त्या टोकाला संपते आणि तुमची तिथेच सुरू होते. १६ गेजच्या तारेमागे ४० चा फ्यूज असेल, तर त्या तारेपुरता तो नसल्यातच जमा.

आता उडाला का नाही ते. साध्या ब्लेड फ्यूजचं प्रमाण असं आहे: त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या ११० टक्के प्रवाह त्याने किमान १०० तास सोसायला हवा. १३५ टक्क्यांना तो पाऊण सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत कधीही उडू शकतो. दुप्पट प्रवाह झाला की ५ सेकंदांच्या आत. म्हणजे ४० चा फ्यूज ४४ अ‍ॅम्पिअर दिवसचे दिवस सोसायला बांधलेला आहे. तुमची तार चासीला कडकडून टेकली असती तर प्रवाह शंभरीच्या पार गेला असता आणि फ्यूज तत्काळ उडाला असता. पण ती घासत होती, मध्ये रंग, धूळ, अर्धवट आवरण. असा कच्चा शॉर्ट २५-३० अ‍ॅम्पिअर ओढतो. फ्यूजच्या लेखी सगळं ठीक चाललेलं असतं आणि तार मात्र शेगडी होते. त्यात सगळ्यात अशक्त जागा तो टॅप, कारण त्याची पातळ पाती तारेच्या मोजक्याच तंतूंना धरते. उष्णता तिथे सगळ्यात जास्त. तुमचा वास तिथूनच आला.

आमच्या सांगलीच्या घरी गणपतीत आजोबा मखराच्या माळा लावताना प्लगमध्येच एक छोटा फ्यूज घालायचे. भिंतीतला फ्यूज मोठ्या तारेचा, माळ केसाएवढ्या तारेची, असं म्हणायचे. मला कॉलेजात जे शिकवलं ते त्याच्यापुढे फार काही नव्हतं.

निळाईत, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. एका ४० च्या तारेवर तीन गोष्टी जोडता येतील, पण मग प्रत्येक फाट्याला त्याच्या तारेच्या मापाचा वेगळा फ्यूज हवा, आणि तो फाटा जिथे फुटतो तिथून वीतभराच्या आत. त्यासाठी छोटा फ्यूज ब्लॉक मिळतो. पण मग एकाच बटणावर सगळं एकदम पेटणार. लाइट बार, मागचे दिवे आणि हॉर्न एकत्र लागून काय उपयोग? बटणं चार आहेत, ती वेगळी ठेवा. सलग चालणाऱ्या गोष्टींसाठी फ्यूजच्या ८० टक्क्यांवर जाऊ नका. ४० म्हणजे ३२ धरा, १५ म्हणजे १२.

बर्फाळवाट, मिनेसोटा

माझ्याकडे २०१७ ची फोर्ड सुपर ड्यूटी आहे. हिचे सहा स्विच डोक्यावर, छताच्या कन्सोलमध्ये. तत्त्व तेच. फरक एवढाच, की माझे स्विच इग्निशन चालू असतानाच चालतात, तुमच्या जीपसारखं पडद्यावर जाऊन बॅटरी की इग्निशन असं निवडता येत नाही. एक सोय मात्र छान आहे. केबिनमधून इंजिनच्या भागात जायला कंपनीने आधीच मोकळ्या तारा टाकून ठेवल्यात, त्यामुळे फायरवॉलला (केबिन आणि इंजिनच्या मधल्या पत्र्याला) भोक पाडायची वेळ येत नाही. फोर्डवाल्यांनी आधी त्या शोधा, मगच ड्रिल हातात घ्या.

माझा अनुभव मिठाचा. हिवाळ्यात पार्किंगमधला बर्फ काढायची कामं घेतो, गाडीवर पिवळे फिरते दिवे आहेत आणि मागे मीठ टाकायचं यंत्र. पहिल्या वर्षी जोड सगळे काळ्या चिकटपट्टीने गुंडाळले होते. मार्चमध्ये दिवे बंद. एक जोड उघडला तर तांबं काळं पडलेलं. कापत मागे गेलो, वीतभर, हातभर, तरी आत काळंच. खारं पाणी तंतूंच्या मधून वातीसारखं वर चढतं. अख्खी तार टाकून द्यावी लागली. तेव्हापासून आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्हच (तापवली की आवळून बसणारी नळी) वापरतो. हीट गनने तापवल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर आलेली दिसली, की समजायचं जोड बंद झाला. ती दिसली नाही तर पुन्हा करायचं.

डेन्व्हरला रस्त्यावर मॅग्नेशियम क्लोराइड फवारतात ना? तेही यात काही कमी नाही.

गिरीपथिक, डेन्व्हर

फवारतात, आणि पावसाळ्यातल्या चिखलासारखं ते सगळीकडे जाऊन बसतं.

तारायंत्री, फ्यूजचं आता लख्ख कळलं. १००-१०० तास सोसणारा फ्यूज ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर!

आता नवी मांडणी लिहितो.

एक नंबर (४० अ‍ॅम्पिअर): कॉम्प्रेसर. पाटीवर कमाल ३० लिहिलंय. कच्च्या रस्त्यावर टायर ३५ वरून १८-२० पीएसआयला उतरवतो, परत येताना चारही भरायचे म्हणजे हा बराच वेळ सलग चालतो. बॉनेटखालीच बसवलाय, तार जेमतेम मीटरभर, पण ८ गेजची घेतली. इंजिन चालू ठेवूनच वापरतो.

दोन नंबर (४० अ‍ॅम्पिअर): पुढचा १२० वॅटचा लाइट बार. १२० भागिले १३.५ म्हणजे ९ अ‍ॅम्पिअरच्या आसपास. १२ गेजची तार आणि सुरुवातीलाच १५ चा फ्यूज.

तीन नंबर (१५ अ‍ॅम्पिअर): मागचे दोन्ही वर्क लॅम्प. ७२ वॅट, म्हणजे साडेपाचच्या आत. १२ गेज, साडेसातचा फ्यूज. बॉनेटपासून मागच्या टोकापर्यंत तार साधारण ६ मीटर झाली. १६ गेजला एवढ्या लांबीत ०.४ व्होल्ट खर्ची पडत होते, १२ गेजला ०.१७.

चार नंबर (१५ अ‍ॅम्पिअर): हौद्यातला फ्रिज. याचं सविस्तर खाली.

पडद्यावरच्या सेटिंगविषयी. युकनेक्टमध्ये (जीपच्या टचस्क्रीनमध्ये) प्रत्येक बटणासाठी तीन गोष्टी ठरवता येतात. बटण एकदा दाबून चालू राहणारं हवं की दाबून धरलं तेवढाच वेळ चालणारं. वीज बॅटरीवरून हवी की इग्निशनवरून. आणि गाडी पुन्हा चालू केल्यावर मागच्या वेळची स्थिती लक्षात ठेवायची का. हे तिसरं सेटिंग फक्त बटण चालू राहणारं आणि इग्निशनवर असेल तरच करता येतं. सुरुवातीला मला वाटलं होतं ते बिघडलंय. दिव्यांची दोन्ही बटणं मी इग्निशनवर ठेवली आणि मागची स्थिती लक्षात ठेवू नये असं केलं. नाहीतर रात्री लाइट बार लावून गाडी बंद केली, सकाळी पार्किंगमध्ये चालू केली की समोरच्याच्या डोळ्यांत सगळा प्रकाश.

फ्रिज मात्र बॅटरीवर, कारण रात्री गाडी बंद असतानाही चालायला हवा. चालू असताना तो ४५ वॅटच्या आसपास घेतो आणि थंडीत एक-तृतीयांश वेळच चालतो. १२ तासांच्या रात्रीत साधारण १५ अ‍ॅम्पिअर-तास. एका रात्रीला ठीक. एकाच जागी दोन रात्री गाडी उभी असेल तर मी दुसऱ्या दिवशी अर्धा तास इंजिन चालवतो. व्होल्ट फार उतरले की फ्रिज स्वतःच बंद होतो, ती गाडीची बॅटरी वाचवायची सोय सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलीय.

त्यात एक मेख आहे. फ्रिज बॅटरी मोजत नाही, स्वतःच्या प्लगवर येणारे व्होल्ट मोजतो. आधी १४ गेजची तार टाकली होती, जाऊन-येऊन १४ मीटर. ५ अ‍ॅम्पिअरला त्यात जवळपास ०.६ व्होल्ट जायचे, फ्रिजचा स्वतःचा कॉम्प्रेसर सुरू होताना आणखी. बॅटरी चांगली भरलेली आणि फ्रिज मात्र ती संपली असं समजून बंद. सकाळी दूध कोमट. १० गेजची तार टाकल्यावर तोटा ०.२३ वर आला आणि तो प्रकार थांबला. ज्यांचे फ्रिज रात्री कारण नसताना बंद पडतात त्यांनी आधी तार बघावी.

सह्यवेडा, पुणे

सुंदर चाललाय धागा. माझी इसुझू व्ही-क्रॉस. आम्हाला इथे कंपनीचे असे स्विच मिळालेले नाहीत, त्यामुळे सगळं बाहेरून: स्विच, रिले, फ्यूज बॉक्स, बॅटरीपासून स्वतंत्र तार. म्हणून एक विचारतो. तुम्ही कुणीच रिलेचा (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) उल्लेख केला नाही. इकडे कुठल्याही फिटरकडे जा, लाइट म्हटला की रिले किट आलंच. रिलेच्या पायांपैकी ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८६ ला स्विच, ८५ ला अर्थ (मायनसची जोडणी). तुमच्या बटणातून थेट १० अ‍ॅम्पिअर जातात हे मला पटत नाही. बटण जळेल.

तारायंत्री, डेट्रॉइटजवळ

सह्यवेडा, शंका अगदी रास्त आहे. पण या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या बटणातून तो प्रवाह जातच नाही. बटण फक्त इशारा देतं. रिले बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये आधीपासून आहे, त्याच्या पुढची तार म्हणजेच ती गुलाबी रेघेची. त्यामुळे साध्या दिव्याला पुन्हा रिले लावला तर एकामागे एक दोन रिले होतात आणि बिघडायला एक जागा वाढते, बाकी काही नाही.

रिले कधी लावायचा? उपकरण त्या बटणाच्या फ्यूजपेक्षा जास्त ओढत असेल तेव्हा. उदाहरणार्थ जुळ्या सिलिंडरचे मोठे कॉम्प्रेसर. त्यांच्यासोबत स्वतःचं जाड हार्नेस आणि रिले येतो. तो थेट बॅटरीला जोडायचा आणि ऑक्सच्या १५ वाल्या तारेने फक्त त्या रिलेचं कॉइल चालवायचं, जे पाव अ‍ॅम्पिअरही घेत नाही. आणि डायोड किंवा रेझिस्टर आत बसवलेला रिले घ्या. कॉइल बंद होताना उलटा व्होल्टेजचा झटका मारतं, आणि आताच्या गाड्यांत शेजारी किती कंप्युटर बसलेत तुम्हाला माहीतच आहे. डायोडवाला असेल तर ८५-८६ उलटसुलट करून चालत नाही, चित्र बघूनच जोडा.

विंच (रुतलेली गाडी ओढायची मोटर) यातल्या कशालाही जोडू नका. ती शेकड्यांनी अ‍ॅम्पिअर ओढते, तिच्या केबल थेट बॅटरीला.

सह्यवेडा, पुणे

पटलं. म्हणजे मी बाहेरून जे बांधलंय ते तुमच्याकडे आतून बांधून येतं. तारेच्या मापाचं एक लिहून ठेवतो, इकडच्यांना उपयोगी पडेल. १६ गेज म्हणजे आपल्याकडचं १.३ स्क्वेअर एमएम, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३, १० म्हणजे ५.३. दुकानात दीड, अडीच, चार, सहा अशी मिळते, तेव्हा वरच्या मापाची घ्या.

चाकणकर, राजगुरुनगर

मी एका हार्नेस कंपनीत (गाडीच्या तारांचे जुडगे बनवणाऱ्या) क्रिम्पिंग लाइनवर, म्हणजे तारेच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायच्या कामावर, नऊ वर्षं काढली. फक्त जोडाबद्दल लिहितो, कारण वर गिरीपथिक यांचा जो टॅप जळला त्याचं मूळ जोडातच आहे.

थिंबल किंवा टर्मिनल साध्या पकडीने चेपू नका. साधी पकड ते चपटं करते, आत तंतूंमध्ये हवा राहते. रॅचेटची क्रिम्पिंगची पकड घ्या, ती पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. चांगला क्रिम्प कापून पाहिला तर तंतू एकमेकांत दबून मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसतात, मध्ये रिकामी जागा नसते. आमच्याकडे रोज सकाळी पहिला नग कापून तपासल्याशिवाय लाइन सुरू व्हायची नाही. घरी कापून बघायला नको, पण प्रत्येक जोड दोन्ही हातांनी जोर लावून ओढा. सुटायचा असेल तर तो तुमच्या हातात सुटू दे.

आवरण सोलताना तंतू कापले जातात, त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. १९ तंतूंतले चार तुटले तर तार तिथे तेवढी बारीक झाली. टर्मिनलला दोन पंख असतात, पुढचा तांब्याला धरतो, मागचा आवरणाला. मागचा नीट बसला नाही तर गाडीच्या थरथरीने तांबं टर्मिनलच्या तोंडाशी तुटतं.

सोल्डरबद्दल कुणीतरी विचारणारच. सोल्डर तारेत वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. ताठ भाग संपतो तिथे थरथरीने तार मोडते. करायचंच असेल तर दोन्ही बाजूंना तार बांधून हलायची थांबवा. मी गाडीत क्रिम्पच करतो.

निळाईत, ऑस्टिन

चाकणकर दादा, हे असं आतलं कुठे वाचायला मिळत नाही. मनापासून आभार. पकड मागवली.

अर्थ कुठे द्यायचा यावर कुणी लिहाल का? गिरीपथिक यांनी हौद्याच्या स्क्रूचा उल्लेख केला होता.

गिरीपथिक, डेन्व्हर

अर्थाचं राहिलंच होतं. नवी तार टाकल्यावरही मागचा डावा लॅम्प लुकलुकत होता. मी दोन दिवस प्लसच्या बाजूला शोधत बसलो. दिवा काढून तारेवर मीटर लावला तर १२.६ दाखवतोय, काहीच गडबड नाही. शेवटी दिवा जोडून, पेटवून, मीटरचं एक टोक दिव्याच्या मायनसला आणि दुसरं लांब तारेने थेट बॅटरीच्या मायनसला लावलं. तिथे जवळपास शून्य यायला हवं. आले २.३ व्होल्ट. म्हणजे अर्थाच्या जोडातच सव्वादोन व्होल्ट अडकत होते. स्क्रू काढला तर त्याच्याखाली रंग तसाच, फक्त आट्यांच्या कडेवर तो टेकत होता. मोकळ्या तारेवरचा मीटर कधीच खरं सांगत नाही. प्रवाह वाहत असतानाच मोजायचं.

आता मागच्या दिव्यांचा अर्थ चासीवर दिलाय. रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून रंग आणि ग्रीस. परत मोजलं, ०.०४. दिवा स्थिर.

ग्लॅडिएटरवाल्यांना एक सावधगिरी. हिचा मागचा फाळका, बॉनेट, दरवाजे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. लोखंडी स्क्रू मारून तिथे अर्थ घेतला की ओलाव्यात दोन धातूंमध्ये पांढरी पूड धरते आणि काही महिन्यांत संपर्क जातो. फाळक्यावर दिवा लावला तरी त्याची मायनस तार चासीपर्यंत न्या.

तारायंत्री, डेट्रॉइटजवळ

व्होल्टेज ड्रॉपची चाचणी अगदी बरोबर केलीत. यात एकच भर. पुढच्या भागातही अर्थ थेट बॅटरीच्या मायनसच्या खांबावर चढवू नका. त्या खांबावर एक छोटा सेन्सर असतो, आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा. तुमचा फ्रिज त्याला वळसा घालून जोडला तर गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे, आणि तिचा चार्जिंगचा हिशोब चुकत जातो. बॉडी किंवा चासीवरच्या अर्थ बोल्टला जोडा.

निळाईत, ऑस्टिन

शेवटचा प्रश्न. वॉरंटी? डीलरकडच्या माणसाने सांगितलं की बाहेरचं काहीही जोडलं तर सगळी वॉरंटी जाते.

तारायंत्री, डेट्रॉइटजवळ

तसं नाही. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेरचा भाग लावलाय एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. पण तुमच्या जोडणीमुळेच बिघाड झाला असेल तर त्या दुरुस्तीचा खर्च ते नाकारू शकतात. म्हणून प्रत्येक जोडाचे फोटो काढा, कुठल्या बटणाला कुठली तार, किती फ्यूज, हे एका कागदावर लिहून गाडीतच ठेवा. गाडी विकाल तेव्हा पुढच्या मालकालाही तो कागद द्या.

बर्फाळवाट, मिनेसोटा

आणि तार नेताना गरम पाइपापासून हातभर लांब. केबल टाय दर वीतभर अंतरावर, आणि तारेवर खाचांची काळी नळी आधी. जिथे पत्र्यातून जायचं तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडी). गिरीपथिक, तुमचा टाय नुसता तुटला की आधी घासला गेला होता?

गिरीपथिक, डेन्व्हर

थंडीने कडक होऊन तुटला असावा, दोन तुकडे सरळ मोडलेले होते. आता रबराचं अस्तर असलेल्या लोखंडी क्लिपा लावल्यात, चासीच्या मूळच्या भोकांत बोल्ट करून. त्यांच्या मधे टाय आहेत, पण भार क्लिपांवर.

निळाईत, ऑस्टिन

काल झालं. मुलीला मदतीला घेतलं, तिने टेस्ट लॅम्प धरून चारही तारा ओळखल्या आणि नंबर चिकटवले. मागचे दिवे तीन नंबरला, साडेसातचा फ्यूज, १२ गेज. चाकणकर दादांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक जोड ओढून पाहिला, सातातले दोन हातात आले. ते पुन्हा केले. अर्थाचं मोजमाप डाव्या दिव्याला ०.०३, उजव्याला ०.०६. उजव्याचं अजून खरवडून बघू का, की एवढं चालतं?

तारायंत्री, डेट्रॉइटजवळ

०.१ च्या आत उत्तम. राहू द्या. हिवाळा संपला की एकदा परत मोजा आणि आकडा त्याच कागदावर लिहा.